वाचकांचे प्रश्न : माशांच्या जुन्या टाकीत सरडा, बेडूक

प्रश्न (जालना) : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची टाकी गळते म्हणून माळ्यावर पडून आहे. तिच्यात बिअर्डेड ड्रॅगन हा परदेशी सरडा ठेवायचा आहे. व्हिडिओत शंभर वॉटचा दिवा लावा आणि वर जाळी टाका, एवढंच सांगतात. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. ते व्हिडिओ थंड देशांतले. तिथे ऊब आणायची असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा खरं काम उष्णता बाहेर काढण्याचं. माशांची टाकी पाणी धरायला केलेली असते. वरून उघडी ठेवली तरी तळाची हवा हलत नाही, म्हणून एक बाजू मोकळी करावीच लागते.

गळतीची चिंता नको, पाणी भरायचंच नाही. काच आरपार तडकलेली नाही ना, एवढं बघा. 6 मिलिमीटर काचेची ही टाकी 30 किलोच्या आसपास भरते. उतरवायला दोघं जण लागतील. मग एका टोकाची दीड फुटी काच काढायची. सांध्यातलं सिलिकॉन पातळ कटरने आतून-बाहेरून कापा. ओढाताण केली तर कोपऱ्यातून टवका उडतो. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, म्हणून ब्लेडने पूर्ण खरवडून स्पिरिटने पुसा.

त्या जागी खाली 10 सेंटीमीटर उंचीची काचपट्टी आणि वर अ‍ॅल्युमिनिअम सेक्शनची जाळीची चौकट बसवा. स्लायडिंग खिडक्या करणारा कारागीर मापाने करून देतो. वरचं झाकणही तसंच. जाळी स्टेनलेस स्टीलची, 2-3 मिलिमीटर भोकांची घ्या. मच्छरदाणीची फायबर जाळी नको. खाद्याला आणलेले रातकिडे ती कुरतडतात आणि दिव्याखाली ती वितळते. सिलिकॉन साधं घ्या, बुरशीनाशक घातलेलं नको. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, प्राणी आत सोडू नका.

दिवा जाळीच्या बाजूला नाही, विरुद्ध टोकाला. तिथली तापलेली हवा झाकणातून वर जाते आणि या टोकाच्या जाळीतून थंड हवा आत ओढली जाते. दिव्याखालच्या दगडावर 38 ते 42 अंश आणि थंड टोकाला 30च्या आत, असं दोन थर्मामीटर लावून तपासा. होल्डर चिनी मातीचाच हवा. थंडीत 75 वॉट लागेल. मेमध्ये 40 वॉट तोही सकाळी तीन-चार तास पुरे. तापमान वाढलं की दिवा आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर कंजुषी करू नका.

यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी वेगळी लागते. काचेतून ते किरण जवळजवळ येत नाहीत, जाळीही बराच भाग अडवते. म्हणून नळी जाळीच्या आत, अंगापासून फूटभर वर. वर्षाने बदला, उजेड दिसत असला तरी. ती नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

तळाला वाळू नको, पिल्लं ती गिळतात. शहाबादी फरशीचा तुकडा उत्तम : दिव्याखाली ऊब धरतो, थंड टोकाला गार राहतो, नखंही घासली जातात.

दुपारी खोलीच 38 अंशांवर गेली तर पंखा टाकीला त्याहून गार करू शकत नाही, हे लक्षात असू द्या. कूलर खोलीत चालवा, झोत टाकीवर नको. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीला बाहेरून टेका. दिव्याखाली तोंड उघडून बसणं नेहमीचं. थंड टोकाला येऊनही तोंड उघडंच असेल तर ताबडतोब दिवा बंद करा. पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवूच नका.

लांबी ठीक आहे, दीड फूट रुंदी मात्र पूर्ण वाढलेल्या, दोन फुटांच्या आसपासच्या प्राण्याला जेमतेम. वर्षभराने दोन फूट रुंदीची सोय करावी लागेल.

प्रश्न (लातूर) : लहान टाकी रिकामी आहे. पावसाळ्यात मुलं अंगणातले बेडूक धरून आणतात. ते त्यात ठेवावेत का? शेजारी चांदणी कासव देतो म्हणतात.

उत्तर : कासव घेऊ नका. चांदणी कासव, घोरपड हे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी प्राणीही पावतीशिवाय नको. बॉल पायथन (अजगर), इग्वाना (सरडा) यांसारख्या सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्रजातींची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

बेडकांनाही अंगणातच राहू द्या. एक घमेलं काठापर्यंत मातीत पुरा, वीतभर पाणी ठेवा, आत-बाहेर करता येईल अशी विटांची उतरंड लावा. मासे सोडू नका, ते अंडी खातात. बेडूक आपण होऊन येतील, आणि मुलांना शेपटीवाल्या पिल्लाला पाय फुटताना बघायला मिळेल.

प्रश्न (नांदेड) : दोन फुटी टाकीत पॅकमन बेडूक आहे. तळाच्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) आंबूस वास येतो, बेडकाच्या पोटाखाली लाली दिसते.

उत्तर : पाणी तळाशी साचून सडतंय. बेडूक कातडीतून पाणी घेतो, म्हणून ती घाण थेट अंगात जाते; लाली हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. आजच त्याला ओल्या टिश्यू पेपरच्या डब्यात हलवा आणि पशुवैद्याला दाखवा.

टाकी रिकामी करून गरम पाण्याने धुवा, साबण नको. तळाला दोन इंच विटांचे धुतलेले तुकडे, त्यावर शेडनेट, वर चार इंच कोकोपीट. कोपऱ्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवा. साचलेलं पाणी त्यातून सिरिंजने ओढता येतं. कोकोपीट आधी तीनदा धुवा, त्यात मीठ असतं. मुठीत दाबल्यावर थेंबच पडावेत, धार नको. नळाच्या पाण्याला क्लोरीन काढणारं औषध घाला. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर वापरू नका. पावसाचं गाळून साठवलेलं चालेल. तापमान 24 ते 28 ठेवा, विष्ठा रोज उचला.