‘मॅडम, माझा मेंदू आकसलाय का?’

‘डिप्रेशनमध्ये मेंदू लहान होतो म्हणे. माझाही झाला असेल का?’ हा प्रश्न अलीकडे माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा येतो की, समोरच्याने ‘एक विचारायचं होतं’ म्हटलं तरी पुढचं वाक्य मला कळतं. कधी विचारणारी कॉलेजातली मुलगी असते, कधी निवृत्तीला आलेले गृहस्थ. कधी रुग्णाची आई असते. ती मुलाला बाहेर बसवून, आवाज खाली आणून विचारते. कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं आणि ते अर्धं खरं असतं. अर्धं खरं फार चिवट.

त्यातल्या एकांची हकीकत सांगते. त्यांना वाचून दाखवली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विनायक म्हणू त्यांना. वय चाळिशीच्या आसपास, काम हिशेब तपासण्याचं. नैराश्याचं निदान मनोविकारतज्ज्ञांनी केलं होतं, गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते, आणि त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं.

खुर्चीवर बसण्याआधी विनायकरावांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक एमआरआयचा मोठा लिफाफा (डोकं सतत दुखायचं म्हणून तपासणी झाली होती) आणि एक शंभरपानी वही. वहीत पट्टीने रकाने आखलेले : तारीख, वेळ, काय विसरलं. ‘सकाळी 9.40, किल्ली हातात असताना किल्ली शोधली.’ ‘दुपारी 3.15, भाच्याचं नाव आठवायला चार सेकंद.’ ‘रात्री 10, एकच पान तीनदा वाचलं, डोक्यात काही शिरलं नाही.’ अक्षर मोत्यासारखं. एकही खाडाखोड नाही.

‘हे काय आहे?’

‘पुरावा. माझा हिप्पोकॅम्पस गेलाय, मॅडम. आकसलेल्या मेंदूवर गोळ्या काय करणार? बंदच कराव्यात म्हणतो.’

शेवटच्या वाक्याने मी सावध झाले. या प्रश्नातला धोका तिथेच असतो. मेंदू कायमचा बिघडला असं एकदा ठरलं की उपचाराला अर्थ उरत नाही, आणि माणूस गुपचूप गोळ्या सोडतो. म्हणून आधी माहितीपासूनच सुरुवात केली. हिशेबाच्या माणसाशी आकड्यांतच बोलावं.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा मेंदूचा छोटा भाग. नवी आठवण रुजवण्याचं मोठं काम त्याच्याकडे असतं. नैराश्य असलेल्यांमध्ये तो सरासरीने किंचित लहान आढळतो, हे खरं आहे. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने 2016 मध्ये 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी माणसं यांची तुलना प्रसिद्ध केली. फरक निघाला 1.24 टक्के. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण साडेतीन-चार घनसेंटिमीटरचा धरला, तर हा फरक पाण्याच्या एका थेंबाएवढा होतो. ज्यांना नैराश्याचे झटके पुन:पुन्हा आले किंवा ज्यांचा आजार वयाच्या 21 व्या वर्षापर्यंत सुरू झाला, त्यांच्यात तो जास्त होता. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांत असा फरक दिसला नाही.

‘तुमची कितवी वेळ?’

‘पहिली.’

‘आणि सुरुवात?’

‘गेल्या पावसाळ्यात.’

शिवाय ही सगळी सरासरीची भाषा. दोन गटांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असला, म्हणून रस्त्यातल्या एकाची उंची पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठराशेहून अधिक माणसांच्या एका अभ्यासात मेंदूच्या प्रतिमांवरून नैराश्य ओळखता येतं का, हे पाहिलं गेलं. शंभरातल्या 54 ते 56 वेळा अंदाज बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आलेच असते.

आता ‘कायमचं’ या शब्दाकडे. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि हिप्पोकॅम्पस त्याला फार संवेदनशील असतो. ताण दिलेल्या उंदरांमध्ये तिथल्या पेशींचे फाटे आखूड झालेले दिसले, आणि ताण थांबवल्यावर ते पुन्हा वाढलेलेही दिसले. कुशिंग या आजारात शरीरात कॉर्टिसॉल बेसुमार वाढतं. उपचारांनी ते उतरलं की रुग्णांचा हिप्पोकॅम्पस काही प्रमाणात भरून येतो. नैराश्य नसलेल्या 120 वयस्क माणसांच्या 2011 मधल्या अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणाऱ्या गटाचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर नुसते स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा घटला. आणि गोळ्यांचं म्हणाल तर, वारंवार नैराश्य आलेल्या स्त्रियांच्या 2003 मधल्या एका अभ्यासात ज्यांचे जास्त दिवस उपचारांविना गेले, त्यांच्यातच आकार अधिक घटलेला होता. कशामुळे काय झालं, हे एवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. पण ‘मेंदू आकसलाय म्हणून गोळ्या सोडतो’ हा हिशेब उलटा आहे, एवढं नक्की.

हे सगळं दोन भेटींत झालं. गोळ्या सोडायच्या नाहीत, काही बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच, हे त्यांनी मान्य केलं. चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

तिसऱ्या भेटीत मी माझा हुकमी एक्का काढला. वही त्यांच्यासमोर सरकवून म्हटलं, ‘विसरलेली प्रत्येक गोष्ट तुम्हाला तारखेसकट, मिनिटासकट आठवते. आठवण गेलेल्या माणसाला हे जमेल?’ मी स्वतःवर खूश होते, हे कबूल करते. विनायकरावांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘मुद्दा बरोबर आहे.’ ज्या सुरात कारकून ‘आपला अर्ज मिळाला’ म्हणतो, त्या सुरात. पुढच्या आठवड्यात वहीत अकरा नव्या नोंदी होत्या.

मग माझ्या लक्षात आलं की वही आम्ही दहादा चाळली, पण लिफाफा एकदाही उघडला नव्हता.

‘रिपोर्टमध्ये काय आहे?’

‘नॉर्मल.’ लगेच, खाली बघत.

‘नॉर्मल वाचलंत तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं?’

बराच वेळ गेला. लिफाफ्याचा एक कोपरा ते अंगठ्याने दुमडत होते, सरळ करत होते, पुन्हा दुमडत होते. अशा वेळी मी पाणीही पुढे करत नाही. ही शांतता मोडायची नाही, हे मी पहिल्या काही वर्षांत बऱ्याच चुका करून शिकले आहे.

‘वाईट वाटलं,’ ते म्हणाले. ‘आता दादाला काय दाखवू, असं वाटलं.’

दादा म्हणजे थोरले बंधू. त्यांचं म्हणणं एकच : हातपाय धड आहेत, नोकरी आहे, हे सगळं मनाचे खेळ, मनाला लावून घेणं सोड.

‘म्हणजे मेंदूत काहीतरी निघावं असं वाटत होतं?’

‘बोलून दाखवलं की विचित्र वाटतं. पण हो. हाड मोडलं असतं तर एक्स-रे तरी दाखवला असता.’

तीन भेटी मी भीतीला उत्तरं देत बसले होते, आणि भीतीच्या पोटात मागणी होती! घटनेपेक्षा माणूस त्या घटनेबद्दल स्वतःशी जे वाक्य बोलतो ते त्याला जास्त छळतं, या विचारावर माझा भरवसा आहे, सोळा वर्षं त्याच वाटेने काम करते आहे. विनायकरावांचं वाक्य आता सापडलं होतं : जे फोटोत दिसतं तेच खरं दुखणं. त्या वाक्यात ते दोन्हीकडून हरत होते. मेंदू आकसलेला निघाला तर आजार खरा, पण आशा नाही. नॉर्मल निघाला तर आजारच नाही, म्हणजे दोष आपलाच. मी थेंबाचा हिशेब मांडून एक दार बंद केलं होतं आणि नकळत त्यांना दुसऱ्यात ढकललं होतं.

हे मी त्यांना तसंच सांगितलं. मग आम्ही साध्या गोष्टींवर आलो. अर्धशिशीचा रुग्ण उलट्या करत असतो, तेव्हाही त्याचा एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो. त्याला कोणी नाटकी म्हणत नाही. नैराश्याचं निदान झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, मनात येणारे विचार, आणि हे किती आठवडे चाललंय, यांवरून होतं. एमआरआय काढतात तो गाठ किंवा रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. ‘नॉर्मल’चा अर्थ तेवढाच.

विसरण्याचंही तेच. नैराश्यात लक्ष आतल्या काहुराकडे असतं, झोपेचा बोजवारा उडालेला असतो. किल्ली ठेवताना मन तिथे नसतंच, तर आठवणार कुठून? उपचारांनी मन वर येतं तसं हेही बहुतेकांचं सुधारतं, काहींचं मात्र रेंगाळतं. मूड सुधारूनही विसरणं तसंच राहिलं, किंवा उतारवयात पहिल्यांदाच उदासी आणि विसर जोडीने आले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. आणि जगण्याचा कंटाळा येऊन मरणाचे विचार डोकावत असतील, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये, त्याच दिवशी सांगावं. घरच्यांनाही एक सांगते : तुमच्या माणसाला पुरावा गोळा करावा लागतोय का, एवढं बघा.

सातव्या भेटीला विनायकराव लिफाफा न घेता आले. दादांशी बोलणं झालं होतं.

‘काय म्हणालात?’

‘रिपोर्ट नॉर्मल आहे आणि मी आजारी आहे. एवढंच.’

‘आणि ते?’

‘गप्प बसले. मग म्हणाले, डॉक्टरकडे कधी आहे पुढच्या वेळी, मी येतो.’

वही मात्र होती. मी उघडून पाहिली, त्या आठवड्यात तीनच नोंदी.

‘एवढ्याच?’

‘चौथी होती एक,’ ते म्हणाले. ‘लिहायची विसरलो.’