घाटाची रात्र, दिवसाची झोप

खानापूरच्या ताई,

तुमचे यजमान दुसऱ्याच्या टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर आहेत. रात्री गोव्यातल्या मोपा विमानतळाचं भाडं, पहाटे परत, आणि डोळा लागतोय तोवर सौंदत्तीच्या वर्दीसाठी, म्हणजे भाड्याच्या फेरीसाठी, मालकाचा फोन. तुम्ही जाग्या राहून तासातासाला फोन करता, त्यावरून भांडणं होतात. हे काम सोडायला सांगू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. ज्या माणसाला स्वतःची नसलेली गाडीही रोज पुसल्याशिवाय चैन पडत नाही, त्याचं या कामावर मन आहे. फोन मात्र आजपासून बंद करा. कणकुंबी सोडली की चोर्ला घाटाची वळणं लागतात, पावसाळ्यात वर दाट धुकं. तिथं फोनकडे हात जाणं फार धोक्याचं. जांबोटीला थांबल्यावर आणि विमानतळावर पोचल्यावर त्यांनीच मेसेज टाकायचा, एवढं ठरवून घ्या.

मला खरी धास्ती वाटते ती झोपेची. मध्यरात्रीनंतर, विशेषतः 2 ते 6 च्या दरम्यान, शरीर झोप मागतंच. ड्रायव्हर कितीही मुरलेला असो. काच उघडून, मोठ्यानं गाणी लावून ती हटत नाही. पापण्या जड झाल्या, मागचं वळण कधी गेलं ते आठवेना, की उजेडाच्या जागी गाडी लावावी, कॉफी प्यावी आणि लगेच 20 मिनिटं डोळे मिटावेत. कॉफीचा असर व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. परतीचे प्रवासी कुरकुरतील, म्हणून वाटेत थांबणार हे त्यांना निघतानाच सांगावं.

घरातलं काम तुमचं. ते आले की खोलीत अंधार, पोरं बाहेर, फोन तुमच्याकडे. मालकाचा फोन आला तर "झोपलेत, बाराला उठतील" असं सांगा. पण हे आधी त्यांच्याशी ठरवा, नाहीतर मालकापुढं त्यांनाच अवघड होईल.

मालकाशी त्यांनीच बोलावं, हिशेबाला बसल्यावर आणि सीझनच्या आधी. मागणी एकच: रात्री घाट केला की सकाळची वर्दी दुसऱ्याला. मोटार कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्यात दिवसाला 8 तासांचं काम आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांसाठी होता, तुमच्या मालकाकडे तेवढी माणसं नसतीलही. पण माणसाला किती झेपतं, ते त्यावरून कळतं.

वर्दी गेली की भत्ताही जाईल. घरखर्चात तो कुठून भरून काढायचा, ते बोलणं व्हायच्या आधी दोघांनी मांडून बघा. मालकानं ऐकलंच नाही, तर शाळेची किंवा हॉस्पिटलची दिवसाची ड्यूटी बेळगावात शोधायला लागा.