आईच्या गाठीबद्दल

बाय,

तुझा मेसेज सकाळी बघितला, रात्री पावणेदोनला पाठवलेला. आईची ब्रेस्ट कॅन्सरची तिसरी केमो झाली हे कळलं, आणि आत्या सगळ्यांसमोर काय बोलली तेही. पोरीने मनाविरुद्ध लग्न केलं, त्याचं टेन्शन घेऊन घेऊनच हिला हा रोग लागला म्हणे. आणि तू ते खरं धरून बसलीयस. फोनवर तू रडशील आणि मग मीपण, म्हणून लिहितेय.

माझंच आधी सांगते. २०१२ ला गोव्यात मायनिंग बंद पडलं तेव्हा आमचे दोन टिप्पर दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते चालूच, आणि २०१६ ला मला गाठ निघाली. अख्ख्या वाड्याने ठरवून टाकलं, ट्रकच्या टेन्शनने झालं. सासूबाईंनी देवळात कौल लावला तर तिथेही तेच निघालं. मीपण मानलं गो, आणि वर्षं दोन वर्षं नवऱ्यावर राग धरला, की ह्याने दुसरा टिप्पर घेतलाच नसता तर. तो बिचारा मला रेडिएशनला न्यायचा आणि मी गाडीत तोंड फिरवून बसायची.

मग भाच्याला मागे लागून वाचायला लागले. टेन्शनमध्ये शरीरात ताणाचं हार्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन वाढतं हे खरं, उंदरांना सतत ताणात ठेवलं तर आधीच असलेला कॅन्सर जास्त पसरतो हेही दिसलंय. पण बायकांचं बघायला गेलं तर चित्र वेगळंच. २०१६ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, एक लाखाच्या वर बायका, त्यांना आधीच टेन्शनबद्दल विचारून ठेवलं आणि मग कोणाला ब्रेस्ट कॅन्सर होतो ते वर्षानुवर्षं बघितलं, तर सतत टेन्शनवाल्यांना जास्त झाला असं काही निघालं नाही. फिनलंडमध्ये २००३ ला उलट निघालेलं, घटस्फोट किंवा नवरा वारल्यावर धोका जवळपास दुप्पट होतो म्हणून. त्यामुळे छातीठोक कोणी बोलत नाही. पण पोरीच्या लग्नाने आईला कॅन्सर झाला असं सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय, आत्याच भेटतात. आणि गाठ हाताला लागायच्या आधी कितीतरी वर्षं आत वाढत असते, तुझं लग्न होऊन दीड वर्ष पण झालं नाही, हिशोब तूच कर.

टेन्शनने माझं काय केलं ते मात्र ऐक. गाठ मला आंघोळ करताना लागली होती. दुखत नव्हती. आणि मी सात महिने कोणाला सांगितलं नाही, कारण हप्ता थकलेला, त्यात हे कुठे काढू. तेवढ्यात ती काखेत गेली. माझ्या केसमध्ये टेन्शनचा हात असेल तर तो इथे, डॉक्टरकडे जायच्या वाटेवर. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी वीस वर्षं दीड लाख बायकांवर काम केलं, शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, तर पन्नाशीच्या वरच्यांमध्ये ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही काही नाही, वेळेवर हात लागला एवढंच.

आता पुढचं. आत्या उद्या म्हणणार की हसत राहा, पॉझिटिव्ह राहा, तरच बरी होशील. तेही आईच्या डोक्यावर घालू देऊ नकोस. १९८९ ला अमेरिकेत डेव्हिड स्पीगल या मानसोपचार डॉक्टरांच्या अभ्यासात दिसलं होतं की सपोर्ट ग्रुपमध्ये बसणाऱ्या बायका जास्त जगल्या, खूप गाजलं ते, पण २००७ ला त्यांनीच परत करून बघितलं तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन हलकं होतं, म्हणून बसावंच चार जणींत, मीपण बसायची. पण तिला रडायचं असेल तर रडू दे, रडल्याने गाठ वाढत नाही.

आणि तू. तुझ्या हॉटेलातल्या नाईट शिफ्ट आणि सुटली की टेन्शन घालवायला दोन बियर, हे मला माहीत आहे, गप्प बसलेय एवढंच. दारूने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, ह्यात वाद नाही, थोडी घेतली तरी थोडा वाढतोच. नाईट शिफ्टला पण डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 'बहुधा कारण' म्हटलंय, २००७ ला आणि परत २०१९ ला. नोकरी सोड असं मी सांगणार नाही, हप्ते काय असतात मला विचार. पण रोस्टर बदलून मिळतो का बघ.

आई ४६ ची आहे, पन्नाशीच्या आत झालेलं, म्हणून डॉक्टरला बीआरसीए टेस्टचं, म्हणजे कॅन्सर घराण्यातून आलाय का ते बघणाऱ्या जीन तपासणीचं, नक्की विचार, आधी आईची. तुझी तपासणी कधीपासून सुरू करायची तेही त्याच वेळी विचार, चाळीशीची वाट बघायची नसते अशा घरात.

गुरुवारी डिचोलीहून पहिल्या कदंबा बसने येते, पेज आणि खारातली मिरची घेऊन. बायोप्सीची फाईल काढून ठेव, त्यात ईआर, पीआर, हर-टू असं लिहिलेलं पान असेल, गाठ कुठल्या प्रकारची ते त्यावरून कळतं, ते वर ठेव. आत्या आली तर तू आत जाऊन चहा कर, तिच्याशी मी बोलते.

तुझी,
मावशी