बारावीनंतर जर्मनीत इंजिनिअरिंग: आधी वाट, मग विद्यापीठ

तू विचारलंयस की बारावी सायन्सनंतर जर्मनीत मेकॅनिकल करायचं तर म्युनिक, आखेन आणि श्टुटगार्ट यांतलं कोणतं विद्यापीठ निवडावं. त्याआधी एक गोष्ट बघ: तुला तिथे थेट प्रवेश मिळतो का?

नुसत्या बारावीवर मिळत नाही, टक्के कितीही असोत. तिथल्या शालान्त परीक्षेच्या, म्हणजे आबिटुरच्या, बरोबरीची ती धरत नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असशील किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असशील, तर त्या शाखेपुरता थेट अर्ज करता येतो. नाहीतर स्टुडिएनकोलेग, म्हणजे दोन सेमिस्टरची पूर्वतयारी. इंजिनिअरिंगसाठी त्यातला टे-कुर्स घ्यायचा. त्यात बसायलाही प्रवेशपरीक्षा असते, जर्मनची आणि बहुधा गणिताचीही.

मी याच वाटेने आलो. वर्ष फुकट जाईल, असं घरचे सगळे म्हणत होते. मला गणित येत होतं, पण सुरुवातीचे दोन महिने फळ्यावरचं कळायचं आणि सर काय बोलताहेत ते कळायचं नाही. ही धडपड पदवीच्या पहिल्या सेमिस्टरला करावी लागली असती तर मी टिकलो नसतो, हे मनापासून सांगतो. कारण इथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालास की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. क्रमवारीच्या याद्यांत हे कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून भाषा आधी. पदवीचे इंग्रजी अभ्यासक्रम आहेत, पण थोडे. जर्मन अभ्यासक्रमाला साधारण सी-१ पातळी लागते (भाषेची मोजपट्टी ए-१ ते सी-२ अशी असते): डीएसएच या जर्मनच्या परीक्षेत दुसरी पातळी, म्हणजे डीएसएच-२, किंवा टेस्टडाफ या दुसऱ्या परीक्षेच्या चारही भागांत ४. स्टुडिएनकोलेगला बी-१ ते बी-२वर सुरुवात करता येते.

आता तुझी तीन नावं. शिक्षण तिन्हीकडे भक्कम आहे, फरक पैशांत पडतो. आखेनला शिकवणी शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. श्टुटगार्टला राज्याच्या नियमाने युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्यांनाच पदवीला सेमिस्टरमागे २,००० ते ३,००० युरो लावलेत. मी तुझ्या जागी असतो तर आखेन धरलं असतं.

यादीत एखादी होखशूलही घाल, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारं उपयोजित विज्ञानाचं विद्यापीठ. तिथे वर्ग लहान असतात आणि सात सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात सहसा एक सेमिस्टर कंपनीत काढायचं असतं. हाताने काम करायला आवडत असेल तर तुला ते मानवेल. मेकॅनिकलला काही ठिकाणी प्रवेशाआधीच काही आठवडे कारखान्यात काम केल्याचा दाखला मागतात, तेही तपासून घे.

कागदपत्रांत एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा तपासणीचा दाखला, सगळ्यांत आधी काढ. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते घरी आत्ताच बोलून ठेव. हिवाळी सत्राची मुदत बहुतेक विद्यापीठांत १५ जुलै असते, पण स्टुडिएनकोलेगची बऱ्याचदा त्याच्याही आधी संपते. ती तारीख ज्या विद्यापीठात अर्ज करशील त्याच्याच पानावर बघ.