इंग्लंडला दिवाळीचं खोकं पाठवताय? किंमत चढवून लिहू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातला चहा गार झाला. लेक लेस्टरला, नातू सात वर्षांचा, नात अडीचची, जावयांना नवी नोकरी लागलीय (अभिनंदन!), सगळ्यांच्या भेटी आणि फराळ एकाच खोक्यात, आणि कुरियरवाला म्हणतोय, "काकू, किंमत जरा चढवून लिहा, विम्याला बरं पडतं." हेच वाक्य मी 2023 साली सांगलीत ऐकलं होतं, अगदी 'काकू'सकट. कुरियरचं नाव घेत नाही, उगाच कटकट नको.

कुठलं कुरियर स्वस्त, आधारची झेरॉक्स लागते का, हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी फक्त माझं शहाणपण कुठे बुडालं ते सांगते.

माझा मुलगा इंग्लंडातच, रेडिंगला असतो. त्या वर्षी सूनबाईंना दिवस भरत आलेले, विहीणबाई बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या आणि नातवाने व्हिडिओ कॉलवर बजावलेलं, "आजी, किल्ल्यावर ठेवायला मावळे पाठव. तोफवाला पण." घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी खोकं दिलं. आत बारा मातीचे मावळे, सिंहासनावर बसलेले महाराज, नातवाला चित्रांची पुस्तकं, मुलाला कुर्ता, विहीणबाईंना साडी, सूनबाईंना ड्रेसचं कापड आणि माझ्या जुन्या इरकलीचं बाळाला शिवलेलं दुपटं. वर फराळ. सगळं धरून नऊ हजारांच्या आत.

काउंटरवरच्या पोराने फॉर्मवर एकच ओळ टाइप केली: 'गिफ्ट आणि खाऊ, 12,000 रुपये'. मी सही केली. चष्मा पर्समध्येच होता, तोही काढला नाही.

आता यात काय चुकलं? ब्रिटनमध्ये भेट म्हणून आलेल्या वस्तूला 39 पौंडांपर्यंत व्हॅट (तिकडचा विक्रीवरचा कर) माफ आहे. तेव्हा पौंड शंभर-एकशेएक रुपयांना होता, म्हणजे साधारण 3,900 रुपये. पण ही सूट प्रत्येक माणसाच्या भेटीला वेगळी मिळते. अट अशी की एका खोक्यात असल्या तरी प्रत्येकाची भेट वेगळी गुंडाळलेली हवी आणि फॉर्मवर प्रत्येकीची किंमत वेगळी लिहिलेली हवी. बाळाचं दुपटं सूनबाईंच्या भेटीत धरलं तर माझ्या खोक्यात चौघांच्या भेटी होत्या. माणशी सव्वादोन हजार पडले असते, म्हणजे व्हॅट लागलाच नसता. त्याऐवजी सगळं मिळून साधारण 119 पौंडांचं एकच 'गिफ्ट' झालं. त्यावर 20 टक्के व्हॅट, तोही कुरियरचा खर्च मिळवून, वर हाताळणीचे पैसे. पन्नास पौंडांच्या आसपास मागणी आली.

बरं, ती मागणी आली कुणाकडे? घेणाऱ्याच्या रकान्यात त्या पोराने मोबाइल नंबर माझाच टाकला होता. मला इंग्रजीत मेसेज आला, 'पार्सल अडकलं आहे, पैसे भरा', खाली लिंक. आता तुम्हीच सांगा, अशा लिंकवर आपण बोट लावतो का? पुतण्याने कानीकपाळी ओरडून सांगितलंय की असले मेसेज म्हणजे फसवणूक. मी तत्परतेने डिलीट केला, एकदा नाही, तीनदा. रेडिंगच्या घरी कुरियरवाले दारातून कार्ड टाकून गेले होते, पण त्याच आठवड्यात बाळ दोन आठवडे आधीच आलं. ते कार्ड जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत गेलं.

मग मी सांगलीच्या ऑफिसात खेटे घालायला लागले. एकदा 'वरून होल्ड आहे', एकदा 'साहेब जेवायला गेलेत' (सकाळी साडेदहाला!), एकदा 'तुमच्या मुलालाच तिकडे विचारायला सांगा'. नक्की किती पैसे, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर मुलाने त्याच रात्री भरले असते. शेवटी विम्याचं विचारलं, तर म्हणे विम्याचा हप्ता वेगळा असतो, तुम्ही तो भरलेलाच नाही. मग चढवलेली किंमत कशासाठी होती? त्यावर पोरगं कॉम्प्युटरकडे बघत बसलं. मला तर वाटतं त्यालाही माहीत नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं, त्याने मला सांगितलं.

संक्रांतीच्या आधी खोकं सांगलीला परत आलं, परतीचं भाडं भरून सोडवावं लागलं. उघडल्यावर आधी खवट तेलाचा वास आला. चकल्यांची भुकटी, अनारशांना बुरशी. मावळ्यांतले चार मोडलेले, तोफवाल्याचा हात कोपरापासून गेलेला. महाराज मात्र शाबूत. इरकलीच्या दुपट्याला लाडवाचं तूप लागलं होतं, ते तीनदा धुतलं तरी एका कोपऱ्यात डाग राहिलाच. असो.

तर ताई, माझ्या मते असं करा. फॉर्म तिथे बसून, चष्मा लावून, ओळीने भरून घ्या: नातवाची भेट, काय आहे, किती रुपये, नातीची भेट, काय, किती. किंमत खरीच लिहा, बिलं जवळ ठेवा. कमी लिहा असंही कुणी सांगेल, तेही ऐकू नका, त्यात वेगळी भानगड होते. नुसतं 'गिफ्ट' लिहून भागत नाही, वस्तू लिहा: लाकडी खेळणं, सुती फ्रॉक, पुस्तकं. प्रत्येकाचं पाकीट वेगळं करून वर नावाची चिठ्ठी लावा, पण चिकटपट्टी घरी लावू नका. काउंटरवर उघडून बघतात आणि तुमचा रंगीत कागद फाटतो. पट्टी बरोबर न्या, तिथेच लावा. आणि घेणाऱ्याचा नंबर म्हणजे लेकीचा नंबर, तिकडचा.

लहान मुलांचे कपडे आणि छापील पुस्तकं यांवर ब्रिटनमध्ये व्हॅट शून्य आहे. म्हणून मी आता नातवंडांना मराठी पुस्तकंच पाठवते. सुनेच्या मते मला दुसरं काही शोधायचा कंटाळा येतो म्हणून. बॅटरीवरची खेळणी तर अजिबात नकोत, विमानात त्यांची नाटकं असतात. खव्याचं, दुधाचं काही घालू नका, तिकडे मनाई आहे.

वजनाचंही बघा, कुरियरवाले ते खोक्याच्या मापावरूनही काढतात. माझं खोकं 45 बाय 35 बाय 35 सेंटीमीटर होतं. गुणाकार करून 5,000 ने भागतात, म्हणजे अकरा किलो, पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन साडेअकरा. काट्यावर सव्वासहा भरलं होतं, पैसे साडेअकराचे घेतले. तेव्हा ते मोठं टेडी बेअर तिकडेच घ्यायला सांगा, पैसे तुम्ही द्या.

फराळातली शंकरपाळी सगळ्यांत चांगली पोचतात. चकल्या पाठवायच्याच असतील तर डब्यात चिरमुरे भरून त्यात खुपसा. थर्मोकोल लागत नाही आणि चिरमुऱ्यांचा चिवडा होतो.

मी काही कस्टमवाली नाही हो. हे आकडे माझ्या अनुभवातले आणि मुलाने ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर दाखवलेले. नियम बदलतात, जायच्या आधी लेकीला एकदा तिथे बघायला सांगा.

दुपटं पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतःच घेऊन गेले, तोवर बाळ धरून उभं राहायला लागलं होतं. ते आता त्याच्या बाहुलीला पांघरायला आहे. नातवाने त्या दिवाळीत बुटांच्या खोक्यांचा किल्ला करून त्यावर लेगोची माणसं उभी केली, एक अंतराळवीरही होता. मावळे दुरुस्त करून नेले तरी तो अंतराळवीर अजून दरवाजावर पहारा देतोय.

खोक्याची मापं आणि प्रत्येकाच्या भेटीची किंमत इथे टाका, बेरीज मी करून देते. दुपारी दोननंतर मोकळी असते.