वाचकांचे प्रश्न : युरिया घालून फुलं का येत नाहीत?

प्रश्न : आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ग्रिलमध्ये टोमॅटोच्या दोन कुंड्या आहेत. एकीत जूनपासून दर आठवड्याला चमचाभर युरिया घालतेय, झाड गर्द हिरवं, उंच, पण फूल एक नाही आणि शेंड्याला माव्याची कीड. दुसरीत सुताराकडचा भुसा मातीत मिसळला तर खालची पानं पिवळी पडायला लागली. आणि लेक विचारते, हवेत 78 टक्के नायट्रोजन असताना झाडाला युरिया कशाला? (एक वाचक)

उत्तर : ताई, तुमच्या दोन कुंड्यांत एकाच गोष्टीची दोन टोकं झालीयेत, पहिलीत कार्बनच्या मानाने नायट्रोजन जास्त आणि दुसरीत नेमकं उलटं. झाडाच्या सुक्या वजनात जवळपास 45 टक्के कार्बन असतो आणि तो मातीतून येत नाही, हवेतून येतो, जिथे कार्बन डायऑक्साइड दहा हजारात जेमतेम चार भाग आहे. तो पकडून साखर करायला ऊन लागतं. नायट्रोजन त्या मानाने अगदी थोडा, पानाच्या सुक्या वजनात साधारण दोन ते पाच टक्के, आणि तो मुळांतून येतो.

आता खरी मेख इथे आहे. युरियातला नायट्रोजन मातीत बराचसा नायट्रेटच्या रूपात येतो आणि मुळं तो घेतात, पण हा नायट्रेट झाडाला तसाच वापरता येत नाही, आधी त्याचा अमोनिया करायचा आणि मग साखरेपासून बनलेल्या कार्बनच्या सांगाड्यावर तो बसवायचा, तेव्हा कुठे अमिनो आम्ल आणि पुढे प्रथिनं होतात. म्हणजे नायट्रोजन पचवायलाच साखर खर्च होते. पावसाळ्यात मुंबईत ढग, त्यात ग्रिल, त्यात समोरच्या टॉवरची सावली, साखर आधीच कमी बनतेय आणि पाच ग्रॅमच्या चमच्यात सव्वादोन ग्रॅम नायट्रोजन तुम्ही दर आठवड्याला देताय (युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो). मग आहे ती सगळी साखर नवीन पानं आणि प्रथिनं करण्यातच जाते, फुलाफळांसाठी शिल्लक काही राहत नाही. मावा येतो तोही याचमुळे, कोवळ्या शेंड्यातल्या रसात अमिनो आम्लं भरपूर असतात आणि त्याला तेच हवं असतं. अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल या दोघांनी 1918 मध्ये टोमॅटोवरच हे दाखवलं होतं, नायट्रोजन भरपूर आणि साखर-पिष्ट कमी असेल तर झाड वाढतं पण फळत नाही, आणि नायट्रोजन फारच तोडला तरीही फळत नाही.

तेव्हा युरिया आता पूर्ण बंद करा. कुंडी जिथे पाच-सहा तास तरी थेट ऊन मिळेल अशा खिडकीत हलवा, तशी जागा घरात नसेल तर टोमॅटोचा हट्ट पावसाळ्यात सोडा आणि अळू, पालक लावा, पानंच खायची असली की कमी उन्हातही भागतं.

दुसऱ्या कुंडीत झाडाचा दोष काहीच नाही. भुशात नायट्रोजनच्या काहीशे पट कार्बन असतो. मातीतले जिवाणू तो खायला बसतात, पण स्वतःचं शरीर बांधायला त्यांनाही नायट्रोजन लागतोच आणि भुशात तो नाही, म्हणून ते मातीतला ओढून घेतात. झाड उपाशी राहतं. मग ते जुन्या पानांतली प्रथिनं मोडून तो नायट्रोजन कोवळ्या पानांना पाठवतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. वरची पानं आधी पिवळी पडली असती तर मी लोहाची कमतरता आहे का ते बघायला सांगितलं असतं. या कुंडीत दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी शेंगदाणा पेंड मिसळा. पुढच्या वेळी भुसा मातीत मिसळू नका, वर पातळ थर दिला तर चालेल, किंवा भाजीच्या सालींबरोबर कुजवून मग वापरा, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं जमलं की छान कुजतं. आणि भुसा प्लायवूडचा नाही ना हे सुताराला आधी विचारा, हल्ली फर्निचरचं बरंचसं काम प्लायचंच असतं आणि त्यात गोंद असतो, तो कुंडीत नकोच.

लेकीचा प्रश्न तर फारच छान आहे, तिला नक्की सांगा. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की तो तोडणारं एन्झाइम कुठल्याच झाडाकडे नाही. खताच्या कारखान्यात त्यासाठी 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम चवळी, मूग, शेंगदाण्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू साध्या मातीच्या तापमानाला करतात, झाड त्यांना साखर देतं आणि ते झाडाला अमोनिया. फुकट मात्र नाही, नायट्रोजनच्या एकेका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात, म्हणूनच मातीत आयता नायट्रेट असला की चवळी गाठी करायचं टाळते. तिला एक कुंडी चवळीची लावू द्या, युरिया न घालता. महिन्या-दीड महिन्याने एक रोप हळूच उपटून मुळं धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे, तो रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्याच लेगहिमोग्लोबिनचा असतो. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ अजून कच्ची तरी आहे किंवा संपलेली तरी, आणि गाठीच नसतील तर रायझोबियमचं कल्चर (या जिवंत जिवाणूंचं तयार मिश्रण) बियाण्याला चोळून पुन्हा पेरा, शेतीच्या दुकानात पाकीट मिळतं.