यादीची उजवी बाजू

प्रिय पोरी,

सायकलच्या सहलीसाठी काय काय घ्यायचं याची तुझी यादी मिळाली. एकतीस वस्तू, प्रत्येकीपुढे वजन, काहींपुढे रंगसुद्धा. इतक्या निगुतीने केलेली यादी मी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. फक्त तू जाणार कुठे, किती रात्रींसाठी, डांबरावरून की मातीच्या वाटेने, हे तेवढं त्यात नाही.

मी खरेदीला निघण्यापूर्वी वहीचं पान मधोमध दुमडते. डावीकडे वस्तू लिहायची, उजवीकडे ती नसल्यामुळे कधी आणि काय अडलं ते. उजवी बाजू कोरी राहिली, तर ती वस्तू पुढच्या सहलीपर्यंत थांबते. तुझी यादी मी तशीच उतरवून काढली. दोन दिवसांची फेरी करून आल्यावर तू फोनवर ज्या ज्या कुरकुरी केल्या होत्यास त्या मला आठवत होत्या, म्हणून उजवी बाजू मीच भरली. चार तक्रारी निघाल्या. चढावर उतरून सायकल ढकलावी लागली. रात्रभर पाठ गार पडली. दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या. आणि पाठीवरच्या सॅकने खांदे भरून आले. एकतीसपैकी जेमतेम सहा-सात वस्तूंचा या चार तक्रारींशी संबंध आहे. आणि गंमत बघ, पहिल्या तक्रारीचं उत्तर तुझ्या यादीत मुळी नाहीच.

तर त्या चढापासूनच सुरू करते. सायकल उलटी कर आणि दात मोज: पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे. तू पाठवलेल्या फोटोवरून मला ते ३४ आणि २८ वाटतात. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. पेडलचा एक पूर्ण फेरा मारलास की मागचं चाक सव्वा फेऱ्याच्या आसपास फिरतं. ७०० सी मापाच्या चाकावर ४० मिलिमीटर रुंद टायर असेल तर घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात तू २.६ मीटरहून थोडी जास्त पुढे जातेस. मिनिटाला ५० फेरे धरले (त्याहून हळू फिरवायला लागलं की सगळा भार गुडघ्यांवर येतो), तर चढावरही ताशी ८ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. बारा किलो सामान घेऊन खड्या चढावर तो माझ्याने राखला जात नाही, तुझ्याने का राखला जावा? हेच गणित पुढे ३० आणि मागे ३६ दातांनी करून बघ. भागाकार ०.८३, आणि तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी साडेपाच किलोमीटर. ढकलत चालण्यापेक्षा जरासाच जास्त, पण सीटवर बसून! मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, किती मोठी चकती पेलतो त्याला मर्यादा असते आणि चेनही लांब लागू शकते, तेव्हा मेकॅनिकला चकत्या, डिरेलर आणि चेन हे तिन्ही एकदमच विचार. तुझ्या पैशांतला पहिला वाटा इथे जाऊ दे. दुसरा टायरला. फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) जागा असेल तेवढा रुंद टायर घ्यायचा, पण दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होतं. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि खडबडीत वाटेवर अर्धी थकवट तिथेच वाचते.

बधिर करंगळ्यांवर तू कार्बनचं हँडल लिहिलं आहेस. ते खोड. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून एक नस जाते, ती तासन्तास दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपी जातं. दाब का येतो ते आधी शोध. बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, अंग पुढे घसरत राहतं आणि ते थोपवायला हात ताठ होतात. ॲलन कीचे दोन फेरे, सीट सपाट, आणि पन्नास किलोमीटर चालवून बघ. मग हवेचा दाब कमी करून बघ. मग हँडल थोडं वर किंवा जवळ घेऊन बघ. यात काहीच विकत घ्यावं लागत नाही. एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत लिही, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

सीटच्या बाबतीतही तू जेलचं मऊ कव्हर लिहिलंस, तेही नको. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि जो भार हाडांनी घ्यायचा तो मधल्या नाजूक भागावर येतो. घरी एक खोका असेलच. त्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कापून कडक पायरीवर ठेव, त्यावर बस, पाय जरा उचलून थोडी पुढे वाक, आणि मिनिटभराने ऊठ. दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोज. तुझ्या सीटचा मागचा भाग त्या मापापेक्षा दोनेक सेंटिमीटर तरी रुंद हवा. मी पहिली तीन वर्षं अरुंद सीटवर काढली, का, तर ती वेगवान दिसत होती. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

आता बॅगा. तुझ्या यादीतलं सगळ्यात मोठं प्रकरण हेच आहे, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलेली असल्यामुळे जरा लांबण लावते.

सीटमागे लटकणारा मोठा सीटपॅक मीही हौसेने घेतला होता. माझी फ्रेमही तुझ्यासारखीच लहान. उभी असताना सायकल दिमाखदार दिसायची, बॅग आणि टायर यांच्यात चार बोटं अंतर. पण पट्टे सामानाच्या भाराने सैल होतात आणि खड्ड्यात बॅग खाली दबते, हे माझ्या गावीच नव्हतं. एका लांब उतारावर मागून घूं घूं आवाज यायला लागला. मला वाटलं रस्ताच खरखरीत आहे. उतार संपल्यावर मागे वळून पाहिलं तर रस्ताभर पांढरी पिसं उडत होती. टायरने आधी बॅग घासून काढली, मग आतली स्लीपिंग बॅग. ती रात्र मी होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून बसून काढली.

तेव्हा आधी पट्टी घे आणि सीटखालच्या दोन दांड्यांपासून टायरपर्यंतचं अंतर मोज. मोठ्या सीटपॅकला साधारण २० सेंटिमीटर तरी लागतात. नेमका आकडा प्रत्येक बॅगेबरोबर दिलेला असतो, तो बघितल्याशिवाय घेऊ नकोस. शंका असेल तर जाड पिशवीत उशी कोंबून, पट्ट्यांनी बांधून गल्लीत एक चक्कर मार. लोक हसतील, हसू दे. आणि जागा पुरेशी असली तरी सीटपॅकमध्ये हलकंच सामान ठेव, त्यातलं जड ते सीटच्या दांड्याला चिकटून. जड सामान टोकाला गेलं की उभी राहून पेडल मारताना मागे शेपूट हलल्यासारखी सायकल डुलते.

तुझ्या मापाच्या फ्रेमला मी सरळ कॅरिअर आणि त्याच्या दोन बाजूंना अडकवायच्या पिशव्या, म्हणजे दोन पॅनिअर, सुचवेन. फोटोत ते जुनाट दिसतात, कबूल. पण डांबरी आणि बऱ्या मातीच्या रस्त्यावर त्यांच्याइतकं सुखाचं काही नाही. सकाळी दोन्ही हातांनी सामान कोंबायचं, झाकण गुंडाळायचं, अडकवायचं आणि निघायचं. सीटपॅक रोज सकाळी सॉसेजसारखा ठासून भरावा लागतो आणि हवी ती वस्तू नेमकी तळाशी असते. जिथे वाट अरुंद आहे, दगड आहेत, सायकल उचलून न्यावी लागते, तिथे मात्र पॅनिअर झुडपांत अडकतात आणि ढकलताना पोटरीवर आपटतात, तिथे सीटपॅकसारख्या, सायकलला थेट बांधायच्या बाइकपॅकिंगच्या बॅगाच हव्यात. म्हणून तर मी सुरुवातीलाच म्हटलं, वाट कसली ते यादीत नाही.

कॅरिअर घेण्याआधी मागच्या ॲक्सलजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर बोल्टची भोकं आहेत का बघ. कॅरिअरवर किती किलो चालतात ते लिहिलेलं असतं. पॅनिअर लावून पेडल उलटं फिरव आणि टाच त्याला लागत नाही ना याची खात्री कर. बोल्ट ५ मिलिमीटरचे असतात आणि हादऱ्यांनी हमखास सैल होतात. बसवताना आट्यांवर थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लाव, रोज सकाळी हाताने चाचपून बघ, आणि दोन जादा बोल्ट टूलच्या पिशवीत टाक.

फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग मात्र घेच. जड सामानाला ती सगळ्यात योग्य जागा: पाणी, टूल, पॉवर बँक. आधी पुठ्ठा त्रिकोणात कापून बसव आणि त्या मापाने बॅग निवड, त्यात पाण्याची बाटली उरते की जाते तेही तेव्हाच कळेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ग्रॅमग्रॅम वाचवून हलका चमचा घेणारी माणसं तीन लिटर पाणी हँडलला लटकवतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. हँडलवरच्या रोलमध्ये तंबू किंवा कपडे, बस. तो ब्रेकच्या केबल दाबतोय का आणि फ्रेमचा रंग घासतोय का, एवढं बघ. तंबू घेताना त्याच्या दांड्यांचे तुकडे किती लांब आहेत ते विचार. ४५ सेंटिमीटरचे तुकडे ड्रॉप हँडलच्या (टोकं खाली वळलेल्या हँडलच्या) मधे आडवे बसत नाहीत, तीसच्या आसपासचे बसतात.

राहिली गार पाठ. तू नवी, जाडजूड स्लीपिंग बॅग लिहिली आहेस. पण अंगाखाली आली की बॅगेतली पिसं किंवा कृत्रिम तंतू चेपून जातात, आणि ऊब असते ती त्यांच्यात अडकलेल्या हवेची. जमिनीची थंडी अडवते ती मॅट. ती किती अडवते ते सांगणारा आर-व्हॅल्यू नावाचा आकडा मॅटवर असतो. २०१८ साली तो मोजण्याची एक सामाईक पद्धत ठरली, त्याआधी जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा, म्हणून जुन्या मॅटच्या आकड्यावर फार विसंबू नकोस. उबदार रात्रींना दीड-दोन पुरतो, थंडीला तीन-चार, बर्फाला पाचच्या वर. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, तेव्हा तुझ्याकडे असलेली फोमची मॅट टाकू नकोस. पुढेमागे स्लीपिंग बॅग घेशीलच. तेव्हा तिच्यावरचा 'कम्फर्ट' हा आकडा वाच, 'लिमिट' नाही. लिमिट हा अंग आखडून झोपलेल्या पुरुषाच्या हिशेबाने काढलेला असतो, कम्फर्ट सैलावून झोपलेल्या बाईच्या. जाहिरातीत बहुधा लिमिटच ठळक छापतात.

विजेच्या वस्तूंवर तू अर्धं पान खर्च केलंस, मी चार ओळी करते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातले साधारण दोन-तृतीयांश फोनमध्ये पोचतात. तीन दिवसांच्या सहलीला पुष्कळ झालं. डायनॅमो हब, म्हणजे चाकाच्या मध्यात बसून वीज तयार करणारा भाग, ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो, आणि चढावर ताशी सहा-सातने जाताना त्यावर फोन चार्ज होणं अवघडच. तो महिनाभराच्या प्रवासाला.

सगळं एकदम घेऊन टाकावं, म्हणजे कटकट मिटली, असं तू लिहिलंस. ॲनी लंडनडेरी १८९४ मध्ये बॉस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघाली तेव्हा तिच्याकडे ४२ पौंड (सुमारे १९ किलो) वजनाची बायकांची सायकल होती आणि अंगात पायघोळ घागरा. शिकागोला पोचेपर्यंत दोन्हींचा तिला वीट आला. तिथे तिने २१ पौंड वजनाची, म्हणजे निम्म्या भाराची, पुरुषांची सायकल घेतली, घागरा सोडून ढगळ विजार घातली आणि प्रवास पुढे चालू ठेवला. काय नकोसं झालंय हे तिला तोवर चांगलंच कळलं होतं.

तुझं शिकागो घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असू दे. एक रात्र. तंबू, स्टोव्ह, हवं तर पॅनिअरसुद्धा माझे घेऊन जा. मॅट मात्र घरी फुगवून, वर वजन ठेवून रात्रभर बघ, माझीची हवा कधीकधी जाते. उसनं किंवा जुनं हेल्मेट कुणाचंच घेऊ नकोस, आतून तडकलेलं असेल तर बाहेरून दिसत नाही. निघण्याआधी भरलेली सायकल तोलून वजन लिहून ठेव. परत आल्यावर सामान जमिनीवर पसर आणि ज्याला हातही लागला नाही ते बाजूला काढ. पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पिशवी सोडून, ती वापरली नाही हेच चांगलं. मग पान दुमडून नवी यादी कर आणि मला पाठव.

तुझी,
मावशी

ता. क. एकच वस्तू अशी आहे जी उजवी बाजू कोरी असतानाही आजच मागव: मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा. सायकल त्या बाजूला पडली की तो वाकतो किंवा तुटतो, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच कच्चा ठेवलेला असतो. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, वाटेतल्या दुकानात तुझा मिळेलच असं नाही. त्याच्यासोबत चेनचं जोडकडंही घे, मागच्या चकत्या नऊ, दहा की अकरा तेवढं बघून. हँगरचा जवळून फोटो पाठव, स्क्रू आणि भोकं नीट दिसतील असा. कुठला लागेल ते मी शोधून ठेवते.